पूर आला की ओढ्यातले मासे संपतात का?

प्रश्न असा आहे की बेटावरच्या ओढ्याला मोठा पूर आला तर मूळचे मासे जास्त मरतात की बाहेरून आणलेले. मी हवाईचंच सांगू शकतो, तिथे शिकायला होतो. 30 ऑक्टोबर 2004 ला मानोआ ओढ्याचं पाणी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत घुसलं तेव्हा मी होनोलुलूतच होतो.

त्याच हिवाळ्यात ओआहूच्या, म्हणजे होनोलुलू ज्या बेटावर आहे त्याच्या, दुसऱ्या बाजूच्या एका ओढ्यात आम्ही मासे मोजायला जायचो, स्नॉर्कल लावून पालथं पडायचं आणि मोजत बसायचं. एका डोहात गप्पी आणि स्वोर्डटेल, म्हणजे बाहेरून आणलेले छोटे मासे, इतके की मोजणं सोडून दिलेलं. मग रात्रभर पाऊस, दोन दिवस गढूळ पाणी, आणि पाणी निवळल्यावर गेलो तर डोह रिकामा. मला वाटलं संपलं सगळं, पण दगडाखाली बघतो तर ओओपू नाकेआ, हवाईचा मूळचा मासा, जसाच्या तसा बसलेला! अंगावर काटा आला खरंच.

कारण साधं आहे. ओओपूच्या पोटाखालचे दोन पर जुळून वाटी झालेली असते, तिने तो दगडाला चिकटतो. ओओपूची एक जात तर हवाईतल्या अकाका धबधब्याच्या वर, म्हणजे 130 मीटरच्या वर चढून जाते. अंडी फुटली की पिल्लं वाहत समुद्रात जातात आणि काही महिन्यांनी परत ओढ्यात शिरतात, आपल्याकडे वलगणीला मासे चढतात तशी, फक्त आपले अंडी घालायला चढतात आणि ही पिल्लं राहायला येतात. म्हणजे ओढा वाहता लागतोच. गप्पी मात्र संथ पाण्यातला, पुरात वाहून जातो.

आमचे भावोजी गेली कित्येक वर्षं मला ऐकवतात की गप्पी डास खातो, सोडला तर बिघडलं कुठे. भावोजी, हवाईतही डासांसाठीच सोडले होते आणि त्यांच्याबरोबर आलेले आतड्यातले कृमी आता ओओपूत सापडतात. टाक्यात सोडा, वाहत्या ओढ्यात अजिबात नको.

आणि हो, पुराने गप्पी कायमचे जात नाहीत. कडेच्या डबक्यांत चार उरतात आणि पाणी उतरलं की पुन्हा भरतात. ऊसमळ्यांसाठी पाणी वळवलं किंवा ओढा काँक्रीटमध्ये घातला तर त्यांचं अजूनच फावतं. फार मोठ्या पुरात दगडच गडगडले तर ओओपूही मरतो, पण त्याची पुढची पिढी तेव्हा समुद्रात असते.