वाचकांचे प्रश्न : परदेशी गेलेली मुले परतली नाहीत तेव्हा

प्रश्न : मी नाशिकमधील एका महाविद्यालयात शिकवते. सांस्कृतिक आदानप्रदान कार्यक्रमासाठी युरोपात गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी एक मुलगी आणि एक मुलगा तेथील रस्ता अपघातात दगावले. अंत्यसंस्कार झाले, रामकुंडावर दशक्रिया विधीही पार पडला. आता संस्थेला मोठी शोकसभा घ्यायची आहे. मुलाच्या वडिलांना मात्र व्यासपीठ, भाषणे यांतले काहीच नको आहे. मुलगी ज्या कुटुंबाकडे राहत होती, त्यांनी तिचे सामान आणि एक दीर्घ पत्र पाठवले आहे. तिच्या आईने ते खोके अद्याप उघडलेले नाही. सोबत गेलेली आणि सुखरूप परतलेली मुले या विषयावर बोलतच नाहीत. आम्ही काय करावे?
— एक प्राध्यापिका, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : शोकसभेबाबत आई-वडिलांचा शब्द अखेरचा मानावा आणि तसे संस्थाचालकांना स्पष्ट सांगावे. मुलीच्या घरच्यांची इच्छा वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही घरी स्वतंत्रपणे विचारावे. दोघे एकाच अपघातात गेले, तरी एकाच फलकावर, एकाच हाराखाली त्यांना बसवू नये, असे मला मनापासून वाटते.

खोक्याचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो. मूल घरात असताना गेले, तर त्याचा शेवटचा दिवसही आई-वडिलांच्या डोळ्यांसमोर असतो. येथे मात्र मुलीचे अखेरचे महिने, म्हणजे ती काय जेवत होती, कोणाशी भांडत-हसत होती, घरची आठवण आली की काय करत होती, हे सारे परक्या माणसांपाशी राहिले आहे. त्या पत्रात तेच असण्याची शक्यता फार आहे. आईला घाई करू नये. तिची परवानगी घेऊन पत्राचा मराठी अनुवाद सुवाच्य अक्षरात लिहून ठेवावा आणि ‘तुम्हाला हवे तेव्हा मागा’ एवढेच सांगावे. त्या कुटुंबाला मात्र आजच पोच द्यावी. त्यांच्याही घरातले माणूस गेले आहे. तिची छायाचित्रे आणि आवाजी संदेश पुसू नयेत, अशी विनंती त्यांना अवश्य करावी.

येथे लॉकरबीची आठवण होते. 21 डिसेंबर 1988 रोजी लंडनहून न्यूयॉर्कला निघालेले विमान बॉम्बस्फोटाने स्कॉटलंडमधील या गावावर कोसळले. विमानातील 259 आणि गावातील 11 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत युरोपातील सत्र संपवून परतणारे अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाच्या कार्यक्रमातील 35 विद्यार्थी होते. पोलिसांचे काम संपल्यावर त्या गावच्या बायकांनी मृतांचे विखुरलेले कपडे धुतले, इस्त्री केले आणि घड्या घालून त्यांच्या घरी पाठवले. ज्यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्यासाठी! तरीही आपल्याकडील खोक्यातला एकही कपडा आईला विचारल्याशिवाय धुऊ नये. लेकीच्या अंगाचा वास जपणाऱ्या आयाही असतात.

परतलेल्या मुलांचे मौन म्हणजे उदासीनता नव्हे. ‘ती गेली आणि मी वाचलो’ हा सल बोलून दाखवणे या वयात फार कठीण असते. मुलांचा विश्वास असलेल्या एका शिक्षकाने त्यांना एकेकटे भेटावे. दोन्ही घरी ती मुले कधी ना कधी जातीलच. त्या वेळी शेवटच्या तासांविषयी त्यांना पोलिसी चौकशीसारखे प्रश्न विचारले जाऊ नयेत, याची काळजी आपण घ्यावी. झोप उडाली असेल किंवा अन्न जात नसेल, तर समुपदेशकाकडे न्यावे. 14416 या शासकीय ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मोफत बोलता येते.

स्मरणाविषयी म्हणाल, तर सिराक्यूजची पद्धत मला मोलाची वाटते. तेथे दरवर्षी अंतिम वर्षाचे 35 विद्यार्थी निवडले जातात आणि त्यांतील प्रत्येक जण गेलेल्या एकेका विद्यार्थ्याचे प्रतिनिधित्व करतो. त्याची माहिती मिळवतो, त्याच्याविषयी बोलतो, त्याच्या नावाने फूल वाहतो. दोघांसाठी आपल्या वर्गालाही हे सहज जमेल. घरचे लोक पितृपक्षात, बहुधा अपघाती मृत्यूसाठीच्या घात चतुर्दशीला, श्राद्ध करतील. ते त्यांचे राहू द्यावे आणि महाविद्यालयाने वाढदिवसासारखा दिवस त्यांना विचारून ठरवावा.

हा कार्यक्रम बंद करावा का, हा प्रश्न संस्थेत निघेलच. 24 मार्च 2015 रोजी स्पेनमधील विद्यार्थी-भेटीहून परतताना जर्मनीतील हाल्टर्न गावच्या एका शाळेचे 16 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका विमान दुर्घटनेत गेल्या, तेव्हा त्यांना पाहुणचार देणारे स्पॅनिश गावही शोकात बुडाले होते. असे धागे तोडू नयेत, असे माझे मत आहे. लॉकरबीचे विद्यार्थीही शिष्यवृत्तीवर सिराक्यूजला शिकायला जात आले आहेत. मात्र प्रवासाची आणि विम्याची व्यवस्था नव्याने तपासल्याशिवाय पुढील तुकडी पाठवू नये, आणि अर्ज मागवण्यापूर्वी आपण स्वतः दोन्ही घरी जाऊन सांगावे. सूचना फलकावरून किंवा वर्तमानपत्रातून ते त्यांना कळता कामा नये.