गेटसमोरच्या गाड्या आणि रात्रीचा स्पीकर : आधी तो रस्ता कागदावर कोणाचा ते शोधा

दादा, तुमची दापोलीजवळच्या कर्द्याची पोस्ट काल रात्री वाचली आणि माझी झोपच उडाली. बीचकडे उतरणाऱ्या गल्लीत दोन्ही बाजूला गाड्या, तुमच्या बेड्यासमोर (गेटसमोर) आडवी लावलेली गाडी, मागच्या होमस्टेचा स्पीकर रात्री दीडपर्यंत, वाडीत शिरून विहिरीवर पाय धुणारी माणसं, आणि घरात हार्ट पेशंट आई. गावाचं नाव बदललं की ही आमचीच पोस्ट. आम्ही अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या एका गावातले, घरापासून समुद्र चालत चार मिनिटं.

फोटो काढा, पोलिसांना कळवा हे वर सगळ्यांनी सांगितलंय आणि तुम्ही ते करताय पण, म्हणून मी ते परत लिहीत नाही. मी फक्त एवढंच विचारते की ती गल्ली कोणाच्या नोंदीत आहे ते तुम्हाला माहीत आहे का? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद की सार्वजनिक बांधकाम? आम्हाला माहीत नव्हतं आणि त्यातच आमचे चौदा महिने गेले.

आमच्याकडे गर्दी आधीपासून होती पण गाड्या एवढ्या नव्हत्या. पूर्वी मुंबईहून गाडी आणायची म्हणजे पेण-वडखळचा फेरा, तिथल्या ट्रॅफिकला कंटाळून निम्मे लोक गेटवेवरून बोटीने येऊन मांडव्याहून बस नाहीतर रिक्षाने यायचे. मार्च २०२० ला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, गाडीसकट बोटीत बसा आणि तासाभरात मांडवा. लॉकडाऊन उठल्यावर त्याचा खरा परिणाम दिसला. मग जानेवारी २०२४ ला अटल सेतू झाला. लोक येतात याला माझा विरोध नाही, आमच्या आळीतली चार घरं त्यावरच चालतात. पण गल्ली बैलगाडीच्या मापाची आहे, एक गाडी उभी राहिली की दुसरी जात नाही, त्याला कोण काय करणार.

तर जून २०२२ मध्ये मी अर्ज लिहिला. तालुक्याच्या एका ऑफिसात दिला (कुठलं ते लिहीत नाही, उगाच वाद नको). समोरच्या माणसाने वाचला, फाइलीत ठेवला, 'बघतो ताई' म्हणाला. मी पोच मागितली नाही. इनवर्ड नंबर मागितला नाही. माणूस नीट बोलला, बसायला खुर्ची दिली, मला वाटलं काम होणार. त्यानंतर मी अकरा वेळा गेले. साहेब मीटिंगला, साहेब पाहणीला, पुढच्या सोमवारी या. प्रत्येक वेळी अर्धा दिवस, रिक्षाचे पैसे, घरी सासऱ्यांना जेवण काढून ठेवून जायचं.

मे २०२३ च्या एका शनिवारी दुपारी सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. १०८ ला फोन केला, ॲम्ब्युलन्स वेळेत आली पण मेन रोडलाच थांबली, कारण गल्लीच्या तोंडाशी तीन गाड्या लागलेल्या आणि गाड्यांचे मालक समुद्रात. ड्रायव्हरने किती हॉर्न मारला. शेवटी माझा नवरा आणि शेजारचे दोन मुलगे, तिघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उन्हातून मेन रोडपर्यंत उचलून नेलं. ते वाचले, आता बरे आहेत. पण त्यांचा तो हात, खुर्चीच्या दांडीला घट्ट धरलेला, अजून डोळ्यासमोर येतो.

मी ऑगस्टमध्ये परत त्या ऑफिसात गेले तेव्हा खुर्चीवर नवीन माणूस. तो म्हणाला, हा रस्ता आमच्याकडे नाहीच, आणि तुमचा अर्ज कुठाय? अर्ज सापडला नाही. माझ्याकडे पोच नाही. म्हणजे कागदोपत्री मी त्या चौदा महिन्यांत तक्रारच केलेली नव्हती. मला त्या माणसाचा राग नाही एवढा, पहिल्याच दिवशी 'हा रस्ता आमचा नाही, अमुक ठिकाणी जा' हे एक वाक्य बोलायला यांना काय झालं होतं याचा राग येतो. बाहेर येऊन बसस्टँडवर रडले मी.

नंतर आमच्याच गावातल्या एका रिटायर्ड तलाठीभाऊंनी रस्ता दाखवला. ढोबळ हिशेब असा की प्रमुख जिल्हा मार्ग (बोर्डावर प्रजिमा लिहितात) सहसा बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, आणि गावातल्या आळ्या-गल्ल्या बहुतेक ग्रामपंचायतीकडे. पण अंदाजावर जाऊ नका. ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि एवढंच विचारा : हा रस्ता कोणत्या नोंदवहीत आहे, लांबी-रुंदी किती, शेवटचा खर्च कोणी केला. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमचं सव्विसाव्या दिवशी आलं, गल्ली ग्रामपंचायतीचीच निघाली. म्हणजे मी जिथे अकरा खेटे घातले तिथे त्याचं काहीच नव्हतं.

मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घेतला. इथे एक सांगते, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते, तिकडे घरातल्या बायकांना पाठवा. पुरुष पार्किंगवर बोलत होते, बायका बोलल्या की वाडीत अनोळखी माणसं लघवीला शिरतात, मुलींना विहिरीवर जाता येत नाही. त्याने ठराव झाला, नाहीतर होमस्टेवाले आणि बाकीचे यांच्यात नुसती भांडणं झाली असती. ठरावात दोन गोष्टी होत्या, गल्लीत नो पार्किंग करायची मागणी, आणि मेन रोडलगतची एक पडीक जागा मालकाला भाडं देऊन पार्किंगला. दुसरी जास्त महत्त्वाची असं माझं मत, गाडी लावायला जागाच नसेल तर बोर्ड कोण वाचतो.

आणि पेंटरकडून रंगवून आणलेल्या बोर्डाला कायद्याने काही किंमत नाही बरं का. नो पार्किंगची रीतसर अधिसूचना लागते, ठराव पोलिसांकडे आणि वर कलेक्टर ऑफिसला पाठवून तिचा पाठपुरावा करावा लागतो, आमची यायला सात महिने लागले. मात्र गेट अडवून गाडी लावणं बोर्ड नसला तरी चूकच आहे, त्यासाठी अधिसूचनेची वाट बघू नका. मी वकील नाही, आमच्याकडे झालं ते लिहितेय, तुमच्याकडे थोडं वेगळं असू शकतं.

एक मात्र करू नका, रस्त्यावर चिरे किंवा ड्रम ठेवू नका. शेजाऱ्यांनी ठेवले तर अतिक्रमणाची नोटीस त्यांनाच आली. टायरची हवा तर अजिबात सोडू नका.

स्पीकरचं थोडक्यात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. वर्षातले ठरावीक १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, होमस्टेतला बर्थडे त्यात येत नाही. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. मोबाइल ॲपचा आकडा पुरावा म्हणून चालेलच असं नाही, तरी व्हिडिओत तो आणि घड्याळ दोन्ही दिसू द्या. ११२ ला दरवेळी फोन करा आणि वहीत तारीख-वेळ लिहा. पण त्याआधी होमस्टेवाल्याशी सोमवारी सकाळी, गर्दी गेल्यावर, घरी जाऊन शांतपणे बोला. आमच्या शेजारच्याने आता बुकिंग घेतानाच दहाचं सांगायला सुरुवात केलीय. रात्री एक वाजता दारू प्यायलेल्या दहा जणांशी बोलायला एकटे जाऊ नका.

अजून दोन गोष्टी. गूगल मॅप्सवर तुमची गल्ली 'बीच पार्किंग' म्हणून कोणी टाकलीय का बघा. आमची टाकलेली होती! आठ-दहा जणांनी दुरुस्ती पाठवली, महिनाभराने ती खूण गेली आणि गाड्या खरंच कमी झाल्या. दुसरं म्हणजे तुमच्या दापोली पट्ट्यात आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तुमच्याही वाळूवर घरटी होत असतील आणि गाड्या वाळूत उतरत असतील तर वनखात्याला लेखी कळवा. ते कासव वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे.

आईंसाठी आत्ताच एक करून ठेवा, गल्लीच्या तोंडाशी ज्यांचं दुकान किंवा घर आहे त्यांचा नंबर घ्या आणि एक घडीची व्हीलचेअर घरात आणा. आम्ही नंतर आणली.

माझ्या माहिती अधिकार अर्जाचा फोटो आहे, नाव-पत्ता झाकून रात्री जेवणं झाली की इथेच टाकते.