दोन एकर विकून मुलाला रेसिंग ड्रायव्हर करावं का?

अंबडच्या भाऊंनी विचारलंय: मुलगा 13 वर्षांचा, आठवीत. वावरात ट्रॅक्टर सफाईनं चालवतो आणि फॉर्म्युला वनशिवाय दुसरं बोलत नाही. परदेशातली एक अकॅडमी त्याला घ्यायला तयार आहे, त्यासाठी मोसंबीच्या बागेतले दोन एकर काढावेत का?

भाऊ, सध्या एक गुंठाही काढू नका. लेकरात दम आहे की नाही हे अजून तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. ते कळायला दोन एकर लागत नाहीत. मी बरीच वर्षं संभाजीनगरहून पोरांना कार्टिंगला, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींना, नेतोय, त्या अनुभवावरून सांगतो.

आधी शिडी बघा. कार्टिंग, मग 15 पूर्ण झाल्यावर फॉर्म्युला फोर, 16 नंतर फॉर्म्युला थ्री, 17 नंतर फॉर्म्युला टू (एफ-टू). फॉर्म्युला वनला (एफ-वन) सुपर लायसन्स, म्हणजे तिथं धावायचा खास परवाना, लागतं. त्यासाठी साधारणपणे वय 18 आणि खालच्या मालिकांतल्या निकालांचे तीन वर्षांत मिळून 40 गुण हवेत. एफ-टूमध्ये पहिल्या तिघांत आलं की ते 40 एका वर्षात मिळतात, एफ-फोरची अख्खी मालिका जिंकली तरी 12च. भारतातून वरपर्यंत पोचून शर्यत धावलेले दोघेच: 2005 मध्ये कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन, 2010 मध्ये चेन्नईचा करुण चंडोक. मुंबईचा जहान दारूवाला फोर्स इंडिया या एफ-वन टीमच्या 2011 च्या निवडचाचणीतून पुढे आला, एफ-टूच्या शर्यती जिंकला, तरी एफ-वनची सीट मिळाली नाही आणि तो विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ईकडे वळला. बेंगळुरूच्या कुश मैनीनं 2025 मध्ये मोनॅकोला एफ-टूची स्प्रिंट, म्हणजे छोटी, शर्यत जिंकली. या पायऱ्यांवर एकेका मोसमाला कोटींनी पैसा जातो. दोन एकरांत त्यातलं काहीच भागणार नाही, आणि बाग मात्र कायमची जाईल.

एफ-वन ड्रायव्हर एस्तेबान ओकॉनच्या आईबापांनी घर विकून कॅराव्हॅनमध्ये दिवस काढले, हे पोरानं तुम्हाला सांगितलं असेलच. खरं आहे ते. पण पुढे त्याला मर्सिडीजनं हात दिला. लुईस हॅमिल्टनला तर 1998 मध्ये, तेराव्या वर्षीच, मॅकलारेन टीमनं करारबद्ध केलं. तोवर त्याचे वडील एकाच वेळी अनेक कामं करून कार्टिंगचा खर्च भागवत होते. मोठ्यांनी पैसा लावला तो कार्टिंगमधले निकाल बघून. तुमच्या मुलाची अजून एकही शर्यत झालेली नाही.

म्हणून सुरुवात पुण्यातल्या भाड्याच्या कार्टपासून करा. ट्रॅक्टरची सवय उपयोगी पडेल, पण कार्टला डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नसतं, मागचा ॲक्सल सलग असतो. डिफ लॉक लावलेला ट्रॅक्टर वळायला कसा अडतो ते तुम्हाला ठाऊक आहे. कार्ट कायम तशीच. वळणावर आतलं मागचं चाक क्षणभर हलकं होऊन उचललं गेलं, तरच ती वळते. नवखं पोर गाडी सरळ जायला लागली की स्टिअरिंग आणखी पिळतं, पुढचे टायर घासतात आणि वेग मरतो. जाण असलेलं पोर ब्रेक सरळ रेषेतच उरकतं, एकदाच ठामपणे वळवतं आणि बाहेर पडताना स्टिअरिंग लवकर मोकळं करतं. हे कुणी न सांगता ज्याच्या अंगात येतं, त्याच्याकडे मी थांबून बघतो.

सेशन संपलं की टायमिंगचा कागद मिळतो. सगळे आईबाप त्यावर सर्वांत जलद लॅप (ट्रॅकची एक फेरी) शोधतात. भाड्याच्या कार्टमध्ये एखादीचं इंजिन जोरात असतं, त्यामुळे एका लॅपवर भाळू नका. सगळ्या लॅपमध्ये अंतर किती पडतंय, कार्ट बदलल्यावर किती घसरला, पुढे कुणी आडवं आल्यावर लय बिघडली का, हे वाचा.

त्यात तो टिकला तर देशातल्या मोटरस्पोर्ट फेडरेशनचं म्हणजे एफएमएससीआयचं लायसन्स काढा. अल्पवयीन असल्यानं तुमची संमती लागेल. कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा ट्रॅक आहे, तिथं राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्यात. कार्टिंगनंतर कोइम्बतूर-चेन्नईकडची फॉर्म्युला एलजीबी ही देशी मालिका बघा. त्यात स्विफ्टचं 1300 सीसी इंजिन असतं आणि सगळ्यांच्या गाड्या सारख्या, त्यामुळे ड्रायव्हर कळतो. गाडी विकत घ्यावी लागत नाही, टीमकडे सीटचे पैसे भरून धावता येतं.

प्रायोजकासाठी मुंबईला जायची गरज नाही. सळयांचे कारखाने आणि बियाण्यांच्या कंपन्या तुमच्या जालन्यातच आहेत. पण पोरानं स्वतः समोर बसून आपले निकाल सांगायला शिकलं पाहिजे, मराठीत आणि इंग्रजीतही. हे मी ड्रायव्हिंगइतकंच महत्त्वाचं मानतो.

शाळा सोडू देऊ नका. रेसिंगमध्ये ड्रायव्हरपेक्षा इंजिनिअर, मेकॅनिक आणि डेटा बघणाऱ्यांना पगार मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. इंजिनिअरिंगची पोरं बाहा, सुप्रा, फॉर्म्युला भारत या विद्यार्थी स्पर्धांसाठी स्वतः गाड्या बनवतात, आणि वाळूज-शेंद्र्याचे वाहन कारखाने इथेच आहेत.

आणि समृद्धीवर गाडी पळवून सराव करतो म्हणाला तर सरळ चावी काढून घ्या. लायसन्सचं वय नाही, समोर ट्रक आहे, बाजूला घसरलेली गाडी अडवणारा वाळूचा ट्रॅप नाही. याबाबत मी अजिबात ऐकून घेत नाही.

अकॅडमीला आगाऊ रक्कम भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: कोणत्या मालिकेत धावायला मिळणार, सरावाचे दिवस किती, टायर धरून की वेगळे, आणि गाडी ठोकली तर दुरुस्ती कुणाच्या खिशातून. शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर विषय तिथेच थांबवा. पुण्याचे टायमिंगचे कागद हाती आले की फोटो काढून इथे टाका, मी एकेक लॅप बघून सांगतो.