नर्स प्रॅक्टिशनर करताना सिम्युलेशन लॅबचा खरंच उपयोग होतो का? पुतळ्यावर काय शिकणार?

तुम्ही विचारलंय की नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर (आयसीयूतल्या पेशंटबाबत निर्णय घ्यायला नर्सला तयार करणारा कोर्स) करताना सिम्युलेशन लॅबमध्ये, म्हणजे पेशंटऐवजी पुतळ्यावर खोट्या केसचा सराव करतात तिथे, एवढा वेळ घालवून काय मिळतं, आणि अमेरिकेत निम्मे तास लॅबमध्येच होतात हे खरं का. मी हाच दोन वर्षांचा कोर्स करून आता आयसीयूत आहे, मुलींना लॅबमध्ये शिकवतेही, म्हणून सांगते.

आधी ते अमेरिकेचं. निम्म्या तासांची गोष्ट 2014 च्या अभ्यासातली, पण तो बेसिक नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवर होता. नर्स प्रॅक्टिशनरला तिकडे 2022 च्या निकषांप्रमाणे किमान 750 तास थेट पेशंटसोबत लागतात आणि त्यात सिम्युलेशन धरत नाहीत. वॉर्ड काही सुटत नाही.

पण लॅब हवीच, सुई टोचायला नाही, हात तर तुमचा बसलेलाच असतो, निर्णय घ्यायला. मी एक केस नेहमी लावते, व्हेंटिलेटरवरचा पेशंट, नुकतीच पोझिशन बदललीय आणि सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) 97 टक्क्यांवरून 84. बहुतेक जणी अलार्म बंद करतात, ऑक्सिजन 100 टक्के करतात आणि मॉनिटरकडे बघत राहतात. श्वासाची ट्यूब ओठापाशी 22 सेंटिमीटरला होती ती 26 ला गेलीय, म्हणजे आत खोल सरकलीय, डाव्या फुफ्फुसात हवाच जात नाहीये, पण स्टेथोस्कोप गळ्यातच! ट्यूब सरकली का, चोंदली का, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठणं) झाला का, मशीन बिघडलं का, हे चार प्रश्न सगळ्यांना पाठ असतात, ऐन वेळी आठवत नाहीत.

केस दहा मिनिटांची, पण नंतर बसून बोलायला मी अर्धा तास ठेवतेच. चुका मोजत नाही, विचारते की अलार्म बंद केलास तेव्हा डोक्यात काय चाललं होतं. एक मुलगी म्हणाली, मॅडम, वाटलं आधी डॉक्टरांना विचारावं. तिला सगळं येत होतं हो, पण इतकी वर्षं स्टाफ म्हणून ऑर्डरची वाट बघायची सवय लागलेली.

पुतळ्याला घाम फुटत नाही, हातपाय गार पडत नाहीत, ते वॉर्डातच कळतं. आणि नातेवाइकांशी बोलायचा सराव मराठीतून करा, एखाद्या सीनियरला नातेवाईक बनवून. "सिस्टर, आमचा माणूस वाचेल ना?" म्हटलं की सेप्टिक शॉक (जंतुसंसर्गाने बीपी कोसळणं) इंग्रजीत पाठ असलेल्या मुलीही अडखळतात.

तुमच्याकडे केस उरकून लगेच पुढची बॅच घेत असतील तर ते नंतरचं बोलणं मागून घ्या. भारी पुतळा नसला तरी चालतं, साधा पुतळा आणि मॉनिटरचे आकडे मोठ्याने सांगणारी मैत्रीण एवढ्यावर ती ट्यूबची केस होते.