शेजारच्या राज्यांनी अपघातांची माहिती एकमेकांना दिली तर रस्ते खरंच सुरक्षित होतात का?

होतात. पण तुम्ही प्रश्नाला जी शेपटी जोडलीय, 'की हे सगळं परिषदांमध्ये बोलण्यापुरतंच?', ती वाचून लिहायला बसलो. हेच वाक्य मी कित्येक वर्षं आमच्या दाजींच्या तोंडून ऐकतोय. दाजी हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी भूगोलाचा मास्तर. ते म्हणतात, "मास्तर, वहीत आकडे मांडून कुणाचं हाड जुळलंय का?"

आम्ही चंदगड-गडहिंग्लजकडचे. जिल्हा कोल्हापूर, पण लग्नाचा बस्ता, मोठा दवाखाना, मोटरसायकलचे पार्ट हे सगळं बेळगावला. हद्द आमच्या लेखी फक्त पाट्यांवरची अक्षरं बदलतात तिथं असते.

जानेवारी २०१९, उसाचा हंगाम भरात. माझा पुतण्या, थोरल्या भावाचा एकुलता एक, रात्री साडेनऊला बेळगावहून मोटरसायकलवरून घरी येत होता. हद्द ओलांडली की लगेच रस्ता ओढ्यावरून वळतो. त्या वळणाच्या तोंडालाच दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पंक्चर होऊन उभा. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस ट्रॉलीबाहेर दोन हात आलेला. चाकांना दगड लावलेले, आणि ड्रायव्हर पंक्चरवाला शोधायला गेलेला. एका काजूच्या टेम्पोवाल्याने पोराला उचलून बेळगावला पोचवलं. नवव्या दिवशी तो गेला.

आता कागदांचं ऐका. आमच्या बाजूच्या ठाण्यात दुसऱ्याच दिवशी गुन्हा दाखल झाला होता, आणि तो ट्रॉलीवाल्यावर नव्हता. 'आपल्या ताब्यातील मोटरसायकल हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगाने चालवून स्वतःच्या दुखापतीस कारणीभूत झाला.' वेग कुणी मोजला? कुणीच नाही. हे वाक्य छापील असतं. नाव आणि गाडीचा नंबर तेवढा नवा. देशाच्या २०२२ च्या रस्ते अपघातांच्या अहवालात १,६८,४९१ मृत्यू आहेत आणि त्यातल्या ७१ टक्क्यांचं कारण अतिवेग लिहिलंय. त्यात असली छापील वाक्यं किती असतील, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

पोरगा गेला पलीकडच्या राज्यात. दवाखान्याने तिथल्या पोलिसांना कळवलं, त्यांनी पंचनामा केला, शवविच्छेदन झालं, सगळं कन्नडमध्ये. ते कागद टपालाने आमच्याकडे यायचे. आले मे महिन्यात. मग ते वाचणार कोण, म्हणून आणखी काही दिवस. शेवटी गुन्ह्यात एकच शब्द बदलला, 'दुखापतीस'च्या जागी 'मृत्यूस'. आरोपीच मयत, म्हणून अ‍ॅबेटेड समरी होऊन फाईल बंद. ट्रॉलीची ना नोंदणी, ना विमा. नुकसानभरपाईच्या दाव्याचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

नियम असा की अपघातानंतर तीस दिवसांत माणूस गेला तर तो अपघाती मृत्यूच मोजायचा. पुढे मी माहितीच्या अधिकारात त्या वर्षीचा तक्ता मागवला. आमचा पोरगा 'गंभीर जखमी' याच रकान्यात होता. वहिनीनं विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, काही नाही, आकडे आहेत.

दाजींशी भांडण सुरू झालं ते इथून. त्यांचं म्हणणं, रकाना कुठलाही असो, माणूस गेलाच ना. आणि वर, "तो जोरातच होता, कशाला ताणतोस?" भर पंगतीत, भावाच्या देखत.

मग मी वही घातली. शाळेतला लांब उडीचा टेप घेऊन ते वळण मोजलं. पोलिसांच्या संकेतस्थळावर गुन्ह्यांच्या पहिल्या खबरी, म्हणजे एफआयआर असतात, त्यातून आमच्या बाजूच्या तीन वर्षांच्या काढल्या. त्याच वळणाच्या आसपास चार अपघात सापडले, मरणाचे किंवा हातपाय मोडल्याचे. पण ठिकाण काय लिहिलेलं? एकात 'ओढ्याजवळ', एकात 'काजू कारखान्याच्या अलीकडे', एकात 'हद्दीच्या कमानीजवळ', आणि एकात नुसतंच 'बेळगाव रोडवर'. चार अपघात, चार गावं असल्यासारखे. बेळगावात नोकरीला असलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने पलीकडच्या कन्नड खबरी वाचून दिल्या. तिथे आणखी तीन निघाले. सातही नकाशावर टाकले तर साधारण चारशे मीटरात बसतात.

वही घेऊन बांधकाम खात्याच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी व्याख्या ऐकवली. पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले, तर तो अपघातप्रवण ठिपका. ही व्याख्या राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे आणि आमचा रस्ता तसला नाही, ते जाऊ द्या. साहेब म्हणाले, "तुमच्याकडे चारच आहेत." मी म्हटलं, पलीकडे तीन आहेत. ते म्हणाले, "ते कर्नाटकाचे."

म्हणजे इकडे चार, पाच होत नाहीत. तिकडे तीन, पाच होत नाहीत. वळण एकच, मरणारे एकाच बाजाराला जाणारे, पण ठिपका हद्दीवर कापला की दोन्ही बाजूंना रस्ता निर्धोक! शेजाऱ्यांनी माहिती वाटून काय होतं, या तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे. बाकी सगळी पुस्तकी माहिती.

तीही थोडी देतो, नाहीतर म्हणाल मास्तर घरचंच रडगाणं गातो. युरोपातल्या देशांनी १९९३ मध्ये ठराव करून सगळ्यांच्या अपघातांच्या नोंदी एका ठिकाणी आणायला घेतल्या. आणायला गेल्यावर कळलं की 'मेला' कुणाला म्हणायचं हेच प्रत्येकाचं वेगळं. फ्रान्समध्ये २००४ अखेरपर्यंत सहा दिवसांच्या आत गेला तरच रस्त्यावरचा मृत्यू, म्हणजे आमचा पोरगा तिथेही मोजला गेला नसता. शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय असला फरक दिसत नाही. आशिया-पॅसिफिकच्या देशांसाठीही अशा नोंदी एकत्र आणणारी रस्ते सुरक्षेची 'वेधशाळा' अलीकडे निघालीय. आपल्याकडे २०१६ साली सरकारी आकडा होता १,५०,७८५ आणि जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज २,९९,०९१. दुप्पट! हा सगळा फरक असल्या टपालातल्या कागदांचाच आहे असं मी म्हणणार नाही, अंदाज हा अंदाजच. पण दीड लाखाच्या फरकात आमच्यासारखी घरं असणारच.

आता आयरॅड आलंय. आयआयटी मद्रास आणि एनआयसी या सरकारी संगणक संस्थेने केलेलं, अपघात नोंदवायचं अ‍ॅप. २०२१ मध्ये ज्या सहा राज्यांत ते आधी आलं त्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही आहेत. पोलीस जागेवर उभं राहून फोटो काढतो, अक्षांश-रेखांश आपोआप बसतात. 'काजू कारखान्याच्या अलीकडे' ही भानगड तरी त्यामुळे मिटावी. हे चांगलंच आहे. पण मोबाईलला ठिकाण कळतं, कारण कळत नाही. कारणाच्या रकान्यात बोट अजूनही 'अतिवेग'वरच जाणार, कारण ट्रॉली लिहिली की ट्रॉलीचा मालक आला, कारखाना आला, आणि त्यामागे कोण येतं ते आमच्या भागात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ घातलं, सदोष रस्त्यासाठी ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. तो लागायचा तर आधी 'रस्ता सदोष' असं कुणीतरी लिहायला हवं की नको?

आणि दोन राज्यांचं जमत नाही हे मला कुणी सांगू नये. निवडणूक आली की दोन्हीकडचे अधिकारी बैठका घेतात, नाके लावतात. दारूच्या बाटलीची खबर रात्रीत पलीकडे पोचते. मेलेल्या पोराची पोचायला चार महिने लागले. दोन ठाण्यांनी महिन्यातून एकदा एका टेबलावर बसून 'तुमच्याकडचे कोण आमच्याकडे वारले' एवढं विचारलं तरी पुरे. त्याला परिषद लागत नाही, चहा लागतो.

तुमच्या भागात हद्दीजवळ असं वळण असेल तर दोन्ही बाजूंच्या खबरी काढा, एकाच नकाशावर टाका आणि अर्ज दोन्हीकडे द्या. उत्तर येईलच असं नाही. आमच्याकडे दीड वर्षाने झाडोरा तोडला, रंबलर घातले, वळणावर बाणांच्या पाट्या लावल्या, पण फक्त आमच्या बाजूला. ट्रॉल्या अजून तशाच, बिनदिव्याच्या आणि गाणी मोठ्याने लावून.

एक राहिलं, प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या रात्री त्याच्या डोक्याला हेल्मेट नव्हतं. ते घरी, दाराच्या मागच्या खुंटीला होतं. आणि तो हळू चालवत होता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वय चोवीस होतं. दाजींचं त्यात काही खरंही असेल. पण कुणी मोजलेलं नाही, तोवर ते वाक्य त्याच्या नावापुढे लिहायचा अधिकार ना त्या छापील कागदाला आहे, ना दाजींना.

मागच्या दिवाळीत वहीची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा अजून सापडलेला नाही.