शेजारचा हॅम रेडिओ सुरू झाला की आमचा टीव्ही अडकतो आणि स्पीकरमधून भसाडा आवाज येतो. काय करावे?

तुम्ही लिहिलंय की गाव दारव्हा तालुक्यात आहे, घरी डीडी फ्री डिश आहे. शेजारच्या काकांच्या पोरानं हॅम रेडिओचं (हौसेनं दूरच्या लोकांशी बिनतारी बोलायच्या रेडिओचं) लायसन्स काढून छतावर लांब तार ताणली, आणि तेव्हापासून तो बोलायला लागला की तुमचं चित्र चौकोन-चौकोन होऊन अडकतं. होम थिएटरमधून कोणीतरी नाकात बोलल्यासारखा, एक शब्द कळणार नाही असा आवाज येतो. त्याचा सेट बंद करायला लावता येईल का आणि तक्रार कुठे करायची, असा तुमचा प्रश्न आहे.

मी वर्धा जिल्ह्यात टीव्ही-डिश दुरुस्तीचं काम करतो आणि माझ्याकडे हॅमचं लायसन्सही आहे. त्यामुळे दोन्ही घरांची बाजू मला कळते. तक्रारीचा रस्ता आहे, तो खाली सांगतो. पण भाऊ, त्याआधी एक गोष्ट पक्की करा: त्रास नेमका कोणत्या तारेतून घरात शिरतो? हे कळल्याशिवाय फिल्टर, नवा बॉक्स, नवा एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा डबा), काहीही विकत घेऊ नका. बहुतेक वेळा पोराचा ट्रान्समीटर नियमातच चालत असतो आणि तुमच्या घरातल्या तारा त्याची लहर ओढून घेत असतात.

थोडं आकड्यांत सांगतो. फ्री डिशचा सिग्नल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतो. तो ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणून आपल्याकडे डिश आग्नेयेला, बरीच वर तोंड करून असते. डिशच्या तोंडाशी असलेला एलएनबी तो सिग्नल खाली उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये तुमच्या तारेत सोडतो. आता तो पोरगा कुठे बोलतो? लांब तार ताणली आहे आणि आवाज नाकातला, न समजणारा येतो, म्हणजे तो बहुधा एसएसबी पद्धतीनं (साध्या यंत्रात बोलणं असं नाकातलं, अस्पष्ट ऐकू येतं ती पद्धत) शॉर्टवेव्हवर, ७ मेगाहर्ट्झच्या ४० मीटर बँडवर बोलत असावा. (एफएमवर बोलत असता तर स्पीकरमधून बोलणं आलं नसतं. सेट सुरू-बंद होताना टक् असा आवाज, फार तर घरघर, एवढंच.) कुठे ७ आणि कुठे ९५०! ट्रान्समीटरमधून मूळ लहरीच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा उपलहरी थोड्या निघतात हे खरं, पण ९५० गाठायला १३५ पटीच्या वर जावं लागेल. तिथे काहीच उरत नाही. म्हणजे त्याची लहर तुमच्या डिशच्या सिग्नलवर जाऊन बसत नाही. ती वेगळ्या दारानं आत येते.

ते दार म्हणजे बहुधा तुमचीच डिशची तार. ७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४२ मीटर, तिचा चौथा हिस्सा साडेदहा मीटर. छतावरच्या डिशपासून खालच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत किती तार लागते? साधारण तेवढीच. ती तार बाहेरच्या जाळीवरून (आतल्या तारेभोवती विणलेल्या धातूच्या वेष्टनावरून) त्या बँडचा उत्तम अँटेना बनते. जाळीवरचा हा करंट सेट टॉप बॉक्समध्ये उतरतो, तिथून एव्ही किंवा एचडीएमआयच्या तारेनं टीव्हीत जातो, टीव्हीतून होम थिएटरमध्ये. स्पीकरच्या लांब तारा त्यात आपली भर घालतात. ॲम्प्लिफायरमधले ट्रान्झिस्टर मग रेडिओच्या डिटेक्टरसारखं काम करून त्याचं बोलणं आवाजात बदलतात. या दोषासाठी त्याच्या सेटवर कितीही चांगला फिल्टर लावला तरी फरक पडणार नाही, कारण त्रास त्याच्या खऱ्या, परवानगी असलेल्या लहरीचाच होतो आहे.

तरीही आधी खात्री करा की त्रास त्याचाच आहे. एकदा शेजाऱ्यावर संशय बसला की चित्र कधीही अडकलं तरी त्याचंच नाव येतं. आपल्याकडे त्रास देणारी दुसरीही यंत्रं आहेत. रानडुक्कर आणि रोह्यांसाठी वावराच्या कुंपणाला लावलेलं झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा झटका सोडतं. तारेला गवत टेकलेलं असेल किंवा इन्सुलेटर तडकला असेल तर तिथे ठिणगी पडते आणि रेडिओवर टक्-टक्-टक् ऐकू येतं. विजेच्या खांबावरचा सैल जोड किंवा धुळीनं माखलेला इन्सुलेटर असेल तर सलग घर्रर्र येते. ती उन्हाळ्यात कोरड्या हवेत वाढते आणि पाऊस पडला की पुष्कळदा थांबते. स्वस्तातले एलईडी बल्ब आणि चार्जरही कमी नाहीत. हे ओळखायला जुना सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर घ्या, मीडियम वेव्हवर जिथे स्टेशन लागत नाही तिथे काटा ठेवा आणि घराभोवती, डीपीकडे, वावराच्या बांधापर्यंत फिरून या. आवाज वाढत जाईल तिकडे उगम. खांबावरचा दोष निघाला तर लाइनमनला दाखवा, स्वतः काठीनं खांबाला हात लावू नका.

आता काकांच्या घरी जा. भांडायला नव्हे, त्या पोराला सोबत घ्यायला. त्याच्याशिवाय ही तपासणी होतच नाही. हॅमला स्वतःच्या सेटची वेळ, बँड आणि पॉवर लिहून ठेवायची सवय असते, तुम्हीही एक वही करा. एका संध्याकाळी तो त्याच्या घरात, तुम्ही तुमच्या टीव्हीसमोर, आणि दोघांचे फोन सुरू. त्यानं ठरलेल्या क्षणी दहा-पंधरा सेकंद बोलायचं, मग थांबायचं, आणि तुम्ही काय दिसलं, काय ऐकू आलं ते लिहायचं. मग पॉवर कमी करून तेच. मग दुसऱ्या बँडवर तेच. १० वॅटवर सगळं साफ आणि ५० वॅटवर एकदम गडबड, असं झालं तर तुमच्या यंत्रात लहर जास्त शिरते आहे असं समजा. त्याच्याकडे डमी लोड असेल, म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओमचा रेझिस्टर, तर तो लावून बोलायला सांगा. डमी लोडवर त्रास थांबला तर लहर हवेतून येते. डमी लोडवरही राहिला तर ती त्याच्या सेटच्या वायरिंगमधून विजेच्या लाइनवर चढते आहे, आणि ते काम त्याच्या घरात करायचं आहे. त्याच्या स्वतःच्या घरचा टीव्ही त्या वेळी कसा चालतो तेही बघा. अँटेनाच्या खालीच असलेला त्याचा टीव्ही साफ असेल तर ट्रान्समीटरवर शंका घ्यायला फारसं कारण उरत नाही.

तुमच्या घरातली तपासणी याहून सोपी आहे. तो बोलत असताना होम थिएटरचा आवाज शून्यावर न्या. तरीही तो ऐकू येत असेल तर लहर आवाजाच्या बटणाच्या पुढच्या भागात शिरते आहे, म्हणजे बहुधा स्पीकरच्या तारांतून. आवाज बटणासोबत कमी-जास्त होत असेल तर ती टीव्हीकडून येणाऱ्या तारेतून येते. मग ती तार काढून बघा. नंतर सेट टॉप बॉक्स बंद करून डिशची तार मागून सोडा आणि टीव्हीवर पेनड्राइव्हमधलं काही लावा. आता सगळं शांत असेल तर दोषी डिशची तारच. एका वेळी एकच तार काढायची, हा नियम मोडू नका. दोन एकदम काढल्या तर शेवटी काहीच कळत नाही.

दुरुस्तीची सुरुवात फुकटच्या कामापासून करा. डिशच्या तारेची दोन्ही टोकं उघडून बघा. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत एफ कनेक्टर (तारेच्या टोकाचा पेचाचा जोड) नुसता पिळून बसवलेला, आतली जाळी अर्धी कापलेली आणि एलएनबीकडच्या टोकाला गंज, हे नेहमीचं चित्र. मध्ये इन्सुलेशन टेपनं जोडलेली तार असेल तर ती सरळ बदलून टाका. चांगली आरजी-६ तार अखंड घ्या, कनेक्टर दाबून बसवणाऱ्या पक्कडीनं बसवून घ्या, एलएनबीजवळ तारेला खाली एक वळसा ठेवा म्हणजे पाणी कनेक्टरात न जाता तिथून टपकेल. जाळी दोन्हीकडे नीट जुळली की बऱ्याच घरांत चित्र अडकणं इथेच थांबतं.

त्यानंतर फेराइट, म्हणजे तारेवरून येणारी लहर अडवणारा काळा चुंबकीय पदार्थ. इंटरनेटवर तारेवर चिमट्यासारखे बसणारे छोटे फेराइट मिळतात. ७ मेगाहर्ट्झला एका तारेवर एक चिमटा म्हणजे जवळजवळ काहीच नाही. इथे मोठी रिंग आणि तिच्यातून अनेक वळसे लागतात, कारण अडवणूक वळशांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: दुप्पट वळसे, साधारण चौपट अडथळा. ३१ नंबरच्या मिश्रणाची, अडीच इंच व्यासाच्या आसपासची रिंग शॉर्टवेव्हसाठी चांगली. स्पीकरच्या तारेचे आणि बॉक्सच्या अडॅप्टरच्या तारेचे तिच्यात दहा-बारा वळसे सहज बसतात. वळसे यंत्राच्या अगदी जवळ घ्या, मध्ये मोकळी तार सोडली तर ती पुन्हा लहर पकडते. आरजी-६ जाड असते आणि कडक वळणात आतली तार सरकते, म्हणून तिच्यासाठी दोन-तीन रिंगा एकावर एक ठेवून पाच-सहा सैल वळसे द्या.

रिंग महाग वाटली तर भंगारात गेलेल्या जुन्या डबा टीव्हीचा योक बघा. पिक्चर ट्यूबच्या मानेवर बसलेल्या त्या गुंडाळ्यांच्या बाहेर फेराइटचं मोठं कडं असतं. त्याचं छिद्र रुंद असल्यामुळे आरजी-६ त्यात मजेत फिरते. ते पुष्कळदा दोन अर्धुकांचं असतं, ती पट्टीनं घट्ट आवळून ठेवायची. पण योक स्वतः काढू नका. पिक्चर ट्यूबमध्ये बंद टीव्हीतही धक्का देण्याइतका चार्ज राहतो आणि मान फुटली तर काचा उडतात. तालुक्याच्या कोणत्याही जुन्या मेकॅनिककडे काढलेला योक पडून असतो.

एक इशारा द्यायलाच हवा. टीव्हीच्या मागे हाय-पास फिल्टर (खालच्या लहरी अडवून वरच्या जाऊ देणारा) लावा, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. काट्यांच्या अँटेनावर दूरदर्शन बघायचो त्या काळी तो अगदी बरोबर होता. डिशच्या तारेतून मात्र बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट डीसी वर पाठवत असतो. साधा हाय-पास फिल्टर ते व्होल्ट अडवतो, एलएनबी बंद पडतो आणि पडद्यावर सिग्नल नाही असं दिसतं. तसंच स्पीकरच्या टोकांवर कपॅसिटर लावायचा जुना उपायही आताच्या ॲम्प्लिफायरवर करू नका, त्यानं ॲम्प्लिफायर बिघडू शकतो.

पोराच्या बाजूनं करायचं कामही आहे, आणि हा भाग त्याला वाचून दाखवा. तारेचं टोक तुमच्या डिशच्या तारेशेजारून, समांतर जात असेल तर ते फिरवावं. ४० मीटरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेला तारेचा अँटेना) सुमारे २० मीटर लांब असतो. त्याची दिशा थोडी बदलली, उंची वाढवली, तरी पुष्कळ फरक पडतो. अँटेनाला जिथे केबल जोडली आहे तिथे बालून (केबलच्या जाळीवर लहर चढू न देणारा जोड) किंवा फेराइटचा चोक नसेल तर केबलची जाळीच लहर फेकते आणि ती घराघरांच्या वायरिंगमध्ये उतरते. एका टोकातून फीड केलेल्या तारेत हे विशेष होतं. माईक गेन (माईकचा आवाज वाढवायचं बटण) अवाजवी वाढवला असेल तर तो कमी करावा. सेटच्या मागे लो-पास फिल्टर (वरच्या उपलहरी अडवणारा) असावा, तो चांगल्या सवयीचा भाग आहे. पोरगा ४३५ मेगाहर्ट्झवर बोलत असताना त्रास झाला तर मात्र आधी त्याच्याकडेच बघायचं, कारण ४३५ ची तिप्पट १३०५ होते आणि ती थेट तुमच्या डिशच्या तारेच्या पट्ट्यात बसते.

आता तक्रारीचं. हॅमचं लायसन्स केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची, वायरलेसचं नियोजन बघणारी डब्ल्यूपीसी शाखा परीक्षा घेऊन देते. त्याचा कॉल साइन व्हीयू या अक्षरांनी सुरू होतो, तो त्याला विचारा. तो लपवून ठेवायचा नसतो, खरा हॅम दर वेळी हवेत तोच सांगतो. लायसन्सच नसेल, किंवा असूनही तो तपासणीला तयारच नसेल, तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे लेखी तक्रार करता येते. तारीख, वेळ, किती वेळ त्रास झाला आणि त्या वेळी काय दिसलं हे लिहिलेलं असेल तर तक्रारीला वजन येतं.

पण मनापासून सांगतो, पहिलं पाऊल ते नसावं. २००१ च्या भूजच्या भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून, फोन बंद पडले तेव्हा हॅम लोकांनीच निरोप पोचवले होते. ज्या गावात पुराच्या दिवसांत टॉवरची बॅटरी संपली की मोबाईल मुका होतो, तिथे तार ताणून बसलेला एक पोरगा असणं गावाच्या कामाचं आहे. त्याला तुमच्या घरी बोलवा, सोबत बसून तारा एक-एक करून काढा. या रविवारी आवाजाच्या बटणाची चाचणी आणि डिशच्या कनेक्टरचं काम, एवढं तरी उरकून घ्या. स्पीकरमधून तो शून्य आवाजावरही ऐकू येतो की नाही आणि तो कोणत्या बँडवर असतो, हे दोन मुद्दे लिहून कळवा, म्हणजे रिंग कुठे आणि किती वळशांची लावायची ते मी नेमकं सांगू शकेन.