गच्चीवरच्या सेन्सरने पडणारा उपग्रह सापडेल का?

दोना पावलाच्या गच्चीवर इन्फ्रासाउंडचा, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजाचा, सेन्सर बसवला तर जळत खाली येणारा उपग्रह कुठे पडला ते कळेल का, असं तुम्ही विचारलंय. वरून काहीतरी गेलं, एवढं नशीब असेल तर कळेल. कुठे पडलं ते नाही. आणि दोष स्वस्त सेन्सरचा नाही.

२ एप्रिल २०२२ ची रात्र आठवते? आकाशात जळती रेघ दिसली आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं सापडलं. चिनी रॉकेटचा टप्पा असावा, असं जाणकार म्हणाले. कक्षेतून ढासळणारी वस्तू अशीच, जवळजवळ आडवी येते. वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर, आणि शेकडो किलोमीटरच्या वाटेवर ती धक्कालहरी सोडत जाते. आवाजाचा उगम एक ठिकाण नाही, अख्खी रेघ आहे. तुमच्यापर्यंत त्यातला कुठला तुकडा पोचेल ते वरच्या थरातले वारे ठरवतात; दुसऱ्या स्टेशनला भलताच तुकडा ऐकू येतो. अशा दोन दिशा नकाशावर ओढून छेदतील तिथे फुली मारणं म्हणजे शुद्ध अंदाजपंचे. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या एलिझाबेथ सिल्बर यांनी २०२५ मध्ये उल्कांबद्दल हेच दाखवलं: जमिनीशी ६० अंशांहून उभी आली तर दिशा बरी मिळते, आडवी आली तर चूक वाढते. म्हणून तर २४ सप्टेंबर २०२३ ला नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाची लघुग्रहावरची माती आणणारी कुपी अमेरिकेतल्या युटात उतरली, तेव्हा शास्त्रज्ञांनी वाटेखाली आधीच सेन्सर मांडून ठेवले होते. वाट आणि वेळ दोन्ही ठाऊक. अशी संधी क्वचित मिळते.

आता गोव्याचं. पावसाळ्यात नाद सोडा. समोरासमोरच्या लाटा भिडल्या की समुद्र स्वतःच ०.२ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पाच सेकंदांना एक कंपन असा, घुमत राहतो. त्याला मायक्रोबॅरोम म्हणतात. त्यात दगडाच्या खाणीतले सुरुंग आणि दाबोळीची विमानं.

तरी करायचंच असेल तर हिवाळ्यात, रात्रीच्या नोंदी बघा. सेन्सरच्या तोंडाला बागेतली झिरपणारी नळी जोडा, वाऱ्याचा खडखडाट बराच मरतो. एका सेन्सरला दिशा कळतच नाही, निदान तीन हवेत, एका ओळीत नकोत. १०० मीटर अंतरावर दोन नोंदींत जास्तीत जास्त ०.३ सेकंदाचा फरक पडतो, तेव्हा घड्याळं जीपीएसवरच जुळवा, मोबाइल बघून नव्हे.